नऊशे हॉर्सपॉवरची स्प्रिंट कार सरळ रेषेत किती पळेल?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत काम करणारी किंवा इथल्या कॉलेजांत मेकॅनिकल शिकणारी पोरं गाड्यांवर बोलायला बसली की बोलणं फिरून हॉर्सपॉवरवर येतं. ज्याची ताकद जास्त, त्याचा वेग जास्त, असा सरळ हिशोब मांडला जातो. तो हिशोब नेमका कुठे मोडतो हे दाखवायला स्प्रिंट कारइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

स्प्रिंट कार म्हणजे मातीच्या छोट्या लंबगोल ट्रॅकवर पळणारी, उघड्या चाकांची रेसिंग गाडी. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं नॉक्सव्हिल गाव या शर्यतींसाठी प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रेलियातही त्यांचं मोठं वेड आहे. सर्वांत वरच्या वर्गात ४१० घनइंचाचं, म्हणजे सुमारे ६.७ लिटरचं व्ही-एट इंजिन असतं आणि ते मेथॅनॉलवर चालतं. ताकद नऊशे हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि वजन ड्रायव्हरसकट जेमतेम साडेसहाशे किलो. आपल्या रस्त्यावरच्या लहान हॅचबॅकपेक्षाही ही गाडी हलकी.

आता ही गाडी मिठाच्या सपाट मैदानावर नेली, वरची विंग, म्हणजे हवेच्या जोरावर गाडी दाबणारा मोठा पत्रा, काढली आणि नाकासमोर सोडली, तर किती पळेल? चारशे? पाचशे? ढोबळ गणित सांगतं की ती अडीचशेच्या थोडं पुढे जाऊन अडकेल. आणि तिथे पोचेपर्यंत नऊशेपैकी दोनशे हॉर्सपॉवरसुद्धा वापरात आलेली नसेल. उरलेल्या सातशेचं काय होतं हे कळलं, की सरळ रेषेतल्या वेगाच्या विक्रमांमागचं बहुतेक शास्त्र कळतं.

वळण्यासाठी जन्मलेली गाडी

स्प्रिंट कारचा प्रत्येक भाग डावीकडे वळायचं हे गृहीत धरून बनवलेला असतो. मागच्या दोन चाकांचा आकार सारखा नसतो. उजवं चाक मोठं, डावं लहान. दोन्ही एकाच अखंड एक्सलवर, मध्ये दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नाही. समजा उजव्या टायरचा घेर २.६५ मीटर आहे आणि डाव्याचा २.४० मीटर. एका फेऱ्यात उजवं चाक डाव्यापेक्षा २५ सेंटिमीटर जास्त अंतर कापू पाहतं. दोन्ही चाकांत सव्वा ते दीड मीटर अंतर धरलं तर अशी गाडी मोकळी ढकलल्यावर १३-१५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायला निघेल. मातीच्या वळणावर हे वरदान आहे. सरळ रेषेत मात्र गाडी क्षणोक्षणी डावीकडे ओढत राहते, ड्रायव्हर उजवीकडे धरून ठेवतो, आणि एक टायर सतत घासत राहतं. म्हणून विक्रमाच्या तयारीत पहिलं काम म्हणजे मागची दोन्ही चाकं एकसारखी करणं.

दुसरी गोष्ट डोक्यावरची विंग. नियमानुसार साधारण २५ चौरस फुटांचा हा पत्रा हवेच्या जोरावर गाडी जमिनीत दाबतो. तिच्या दोन्ही बाजूंचे उभे पत्रे वळणात गाडीला आधार देतात. छोट्या ट्रॅकवर तासाला दोनशे किलोमीटरच्या पुढे जाऊनही या गाड्या वळतात त्या विंगच्या बळावर. पण सरळ धावताना तोच पत्रा हवेत आडवा उभा असतो.

तिसरी गोष्ट ऐकून पहिल्यांदा कोणालाही नवल वाटतं. या गाडीला क्लच नाही, गिअरबॉक्स नाही, स्टार्टरही नाही. इंजिन थेट मागच्या एक्सलला जोडलेलं. मागून दुसऱ्या गाडीने ढकललं की चाकं फिरतात आणि त्यांच्यामुळे इंजिन सुरू होतं. गिअर बदलायचा तर गाडी उभी करून मागच्या पेटीतली दातेरी चाकं बदलायची. म्हणजे अख्ख्या धावेला एकच गिअर.

हवा घन करून वसूल करते

मोटारसायकलवरून जालना रस्त्याने जाताना ४० ला हवा जाणवत नाही आणि ८० ला छातीवर रेटा येतो. हा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, रेटा चौपट. पण त्या रेट्याविरुद्ध गाडी ओढायला लागणारी ताकद म्हणजे रेटा गुणिले वेग, म्हणून ती घनाने वाढते: वेग दुप्पट, ताकद आठपट. एखाद्या गाडीला १०० च्या वेगाला हवा कापायला २० हॉर्सपॉवर लागत असेल, तर २०० ला १६० लागेल आणि ३०० ला ५४०.

हा रेटा किती असेल हे ठरतं तीन गोष्टींवर. गाडी समोरून किती जागा व्यापते, तिचा आकार हवेला किती सहज वाट देतो, आणि हवा किती दाट आहे. उघडी चाकं, उघडे पाइप, मध्ये ताठ बसलेला ड्रायव्हर, अशा गाडीचा आकार हवेच्या दृष्टीने वाईटच. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी एक युक्ती केली. लढाऊ विमानांच्या पोटाखाली लटकवायच्या इंधनाच्या जादा टाक्या तेव्हा भंगारात मिळत. बिल बर्क याने १९४६ च्या सुमारास अशा टाकीत इंजिन आणि ड्रायव्हर बसवून गाडी केली. चाकं बाहेर उघडी, पण अंग पाण्याच्या थेंबासारखं निमुळतं. अशा गाड्यांना पुढे लेकस्टर म्हणू लागले आणि त्यांचा वर्ग आजही चालू आहे. स्प्रिंट कारचे सुटे भाग घेऊन विक्रमाला निघणाऱ्याने ही टाकी आधी अभ्यासावी, असं माझं मत आहे.

हवेच्या दाटपणाचं आपल्याकडचं उदाहरण घेऊ. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे. डिसेंबरच्या पहाटे पारा १० वर असताना इथे एका घनमीटर हवेचं वजन साधारण १.१६ किलो भरतं. मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांत ते १.०५ च्या खाली उतरतं. म्हणजे उन्हाळ्यात हवा दहा टक्क्यांनी विरळ आणि रेटाही तेवढाच कमी. मग विक्रम भर दुपारी करावा का? इथे मेख आहे. साधं इंजिनही तीच हवा ओढतं, त्यामुळे त्याची ताकदही जवळपास तितकीच घटते. फायदा होतो तो टर्बो किंवा सुपरचार्जर लावलेल्या गाड्यांना, कारण त्या हवा कोंबून आत घेतात. अमेरिकेतल्या युटा राज्यातलं बॉनव्हिलचं मिठाचं मैदान १,२८० मीटरहून उंच आहे, तिथे हा फरक आणखी ठळक दिसतो.

खरी अडचण पकडीची

आता त्या हरवलेल्या सातशे हॉर्सपॉवरकडे येऊ. मला या विषयातला हा भाग सर्वांत जास्त आवडतो, म्हणून जरा सविस्तर.

इंजिन गाडीला ढकलत नाही. इंजिन चाक फिरवतं, चाक जमिनीला मागे रेटतं, आणि जमीन गाडीला पुढे ढकलते. जमीन किती ढकलेल याला मर्यादा आहे: त्या चाकावरचा भार गुणिले घर्षणाचा गुणांक. कोरड्या चांगल्या डांबरावर हा गुणांक एकच्या जवळ जातो. मिठावर तो बराच कमी असतो, आपण ०.५ धरू.

गाडी ६५० किलोची. त्यातला ६० टक्के भार मागच्या चाकांवर, म्हणजे ३९० किलो. न्यूटनमध्ये, म्हणजे जोर मोजायच्या एककात, सुमारे ३,८२५. त्याच्या निम्मे १,९१०. इंजिन नऊशेचं असो की नऊ हजारांचं, मिठावर ही चाकं गाडीला १,९१० न्यूटनपेक्षा जास्त जोराने ढकलूच शकत नाहीत. दुसरीकडे विंगशिवायच्या गाडीवर हवेचा रेटा किती? एका घनमीटरला एक किलो इतकी विरळ हवा आणि उघड्या चाकांच्या गाडीला शोभेल असा आकार धरला, तर तासाला २५७ किलोमीटरला हा रेटा बरोबर १,९१० न्यूटन होतो. ढकलणं आणि रोखणं समसमान झालं, वेग वाढायचा थांबला. त्या क्षणी लागणारी ताकद फक्त १८३ हॉर्सपॉवर. यापुढे अॅक्सिलरेटर दाबला तर चाकं जागच्या जागी जास्त जोरात फिरतील, मीठ उडेल, टायर तापतील, गाडी आडवी व्हायला बघेल. वेग वाढणार नाही. चाकांचा घर्षणाने होणारा विरोध मी हिशोबात धरलेला नाही. तो धरला तर आकडा आणखी खाली येतो.

मग उपाय काय? वजन वाढवा. शर्यतीच्या गाडीतून ग्रॅम-ग्रॅम वजन काढायची सवय झालेल्या माणसाला हे पटायला जड जातं. मागच्या एक्सलवर २०० किलो शिसं बसवलं असं धरू. आता मागच्या चाकांवर ५९० किलो भार, ढकलण्याची मर्यादा सुमारे २,८९० न्यूटन, आणि वेग ३१६ पर्यंत जाऊ शकतो. गंमत म्हणजे सुरुवातीचा वेग घेण्याची क्षमताही घटत नाही, उलट किंचित वाढते, कारण वाढवलेलं सगळं वजन ढकलणाऱ्या चाकांवरच बसलं आहे. बॉनव्हिलला धावणाऱ्या गाड्यांत शिशाच्या विटा भरलेल्या असतात त्या याचसाठी.

भार वाढवायचा दुसरा मार्ग म्हणजे विंग. विंग हवेने दाबते, शिसं वजनाने दाबतं. विंगच्या दाबाची किंमत जितका वेळ धावाल तितका वेळ ताकदीत मोजावी लागते, कारण ती हवेला अडवते. शिशाची किंमत फक्त वेग घेताना आणि थांबताना मोजायची. मैदान लांब असेल तर शिसं स्वस्त पडतं. तिसरा मार्ग सगळी चाकं ढकलती करण्याचा. १९४७ चा वेगाचा विक्रम करणारी जॉन कॉबची रेल्टन गाडी आणि १९६५ मध्ये चार क्रायस्लर हेमी इंजिनांवर तासाला ६५८ किलोमीटर गाठणारी समर्स बंधूंची गोल्डनरॉड, दोन्हींमध्ये चारही चाकांना ताकद दिलेली होती. आणि १५ ऑक्टोबर १९९७ ला अमेरिकेतल्या ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीनने थ्रस्ट एसएससी तासाला सुमारे १,२२८ किलोमीटरने पळवली, तिने पकडीचा प्रश्नच सोडून दिला. तिला जेट इंजिनं होती. ती हवेला मागे फेकत होती, चाकं नुसती लोळत होती.

यातून आणखी एक निष्कर्ष निघतो. हे विक्रम इंजिनाच्या आकारानुसार, इंधनानुसार आणि गाडीच्या बांध्यानुसार वर्गवारीने नोंदले जातात. साडेतीनशे हॉर्सपॉवर पुरत असेल तिथे नऊशेचं इंजिन नेऊन मोठ्या इंजिनांच्या वर्गात उभं राहण्यापेक्षा लहान इंजिन घेऊन त्याच्या वर्गात उतरणं जास्त शहाणपणाचं.

चाकं घसरतायत की नाही हे ओळखायची सोपी पद्धत आहे. टायरचा घेर २.६ मीटर असेल तर ३०० च्या वेगाला चाक मिनिटाला सुमारे १,९२० फेरे घेतं. इंजिन ८,००० वर फिरवायचं असेल तर गिअरचं गुणोत्तर साधारण ४.१६ हवं. आता धावेनंतर इंजिनाची नोंद ८,००० दाखवते, पण घड्याळ म्हणतं गाडी २७० ने गेली. दहा टक्के घसरण. पुढच्या धावेला शिसं वाढवायचं की पाय हलका ठेवायचा, याचा निर्णय या एका आकड्यावरून होतो.

काळी माती का चालत नाही

आपल्याकडे रान काय कमी सपाट आहे, असं कुणी म्हणेल. उन्हाळ्यात नाथसागराचं पाणी मागे हटलं की लांबच लांब गाळाची जमीन उघडी पडते. पण मराठवाड्याची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसून भेगाळते. मे महिन्यात शेतातल्या भेगेत हात जाईल इतकी फट पडते, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ३०० च्या वेगाने धावणाऱ्या चाकासाठी अशी जमीन म्हणजे मरण.

बॉनव्हिलचं मीठ दरवर्षी स्वतःला नवं करून घेतं. हिवाळ्यात मैदानावर उथळ पाणी साचतं, मीठ विरघळतं, उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि पृष्ठभाग पुन्हा सपाट बसतो. मिठात ओल राहते, त्यामुळे टायर थंड राहतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गेर्डनर सरोवरावरही अशाच मिठावर वेगाचा मेळा भरतो. निसर्गाने साथ दिली नाही तर कार्यक्रम रद्द होतो. बॉनव्हिलची स्पीड वीक, म्हणजे तिथला वेगाचा मेळा, २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं मैदान खराब असल्याने झाली नाही.

लांबीचं गणितही मांडून बघा. शिसं भरलेल्या आपल्या गाडीला ३०० पर्यंत पोचायला सुमारे २.६ किलोमीटर लागतील. त्यापुढे मोजणीचा एक मैल, म्हणजे १.६ किलोमीटर. उलट दिशेनेही धावायचं असल्याने पलीकडे पुन्हा तितकीच जागा हवी. थांबायला तीच उपयोगी पडते. एकूण जवळजवळ सात किलोमीटर नाकासमोर सपाट, मोकळं मैदान. चिकलठाणा विमानतळाची धावपट्टी तीन किलोमीटरचीही नाही.

टायर

आपली ३०० ने जाणारी गाडी घ्या. टायरच्या कडेवरचा प्रत्येक कण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १,७०० पट जोराने बाहेर फेकला जात असतो. दहा ग्रॅम रबराचा तुकडा १७ किलो वजनाने ओढतो. स्प्रिंट कारचं मातीतलं टायर मऊ, जाड गोट्यांचं आणि हवा अगदी कमी, दहा पीएसआयच्या आसपास, कधी त्याहूनही खाली. कमी हवेमुळे ते चांगलं पसरतं आणि माती धरतं. मिठावर तेच टायर दर फेऱ्याला दबून-फुगून तापेल आणि जाड गोट्या उडून जातील. म्हणून विक्रमाच्या टायरवर रबर अगदी पातळ असतं, नक्षी जवळपास नसते आणि हवा कडक भरलेली असते. थ्रस्टच्या चाकांवर तर रबरच नव्हतं. ती भरीव अॅल्युमिनियमची होती, कारण त्या वेगाला कुठलंच रबर टिकत नाही.

आता समृद्धी महामार्गाबद्दल चार वाक्यं बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. जालना आणि संभाजीनगरच्या शिवारातून जाणारा हा रस्ता सरळ आहे, रुंद आहे, आणि वेगाची मर्यादा १२० आहे. २०० चा काटा दाखवणारे व्हिडिओ टाकणाऱ्यांनी आपल्या गाडीच्या टायरची बाजू वाचावी. आकारापुढे एक अक्षर असतं. टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. आणि हे आकडे नवीन, पुरेशी हवा भरलेल्या, भार मर्यादेत असलेल्या टायरसाठी आहेत. हवा कमी असेल आणि उन्हाने तापलेलं काँक्रीट खाली असेल तर टायर आतून भाजत जातं आणि फुटायच्या आधी सांगत नाही. १२० वरून पूर्ण थांबायला, ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा दीड सेकंद धरून, साधारण १२० मीटर लागतात. २०० वरून २८० मीटर. मिठाच्या मैदानावर पुढे सात किलोमीटर कोणी नसतं. समृद्धीवर पुढे कुणाचं तरी कुटुंब असतं.

ढकलणं, इंजिन, पॅराशूट

एकच गिअर असल्याने ३०० साठी लावलेलं गुणोत्तर सुरुवातीला जड पडतं. ८० च्या वेगाला इंजिन जेमतेम २,१०० वर फिरत असतं आणि शर्यतीचं इंजिन तिथे खोकतं. त्यामुळे मागच्या गाडीने चांगला वेग येईपर्यंत ढकलत न्यावं लागतं. मिठावरच्या कित्येक गाड्यांची सुरुवात अशी ढकलूनच होते, म्हणजे स्प्रिंट कारवाल्यांची ही सवय तिथे कामाला येते.

इंजिनाचा ताणही वेगळा. अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर दर काही सेकंदांनी पाय उचलावा लागतो, इंजिनाला उसंत मिळते. मिठावर वेग घेणं आणि मोजणीचा मैल मिळून मिनिटभराहून जास्त वेळ सलग ओढ असते. जसजशी पकड वाढवत न्याल तसतसा हा भार वाढतो. मेथॅनॉल इथे मदतीला येतं. पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, मेथॅनॉलला ६.४ पट, म्हणजे त्याच हवेत दुपटीहून जास्त इंधन जातं आणि ते बाष्प होताना आतली उष्णता शोषून घेतं. पण इंधनाचं प्रमाण थोडं जरी कमी पडलं तर पिस्टन वितळतो. आणि मेथॅनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही. आग लागली तरी डोळ्यांना कळत नाही, म्हणून पिटमधल्या माणसांनी पाण्याची तयारी जवळच ठेवलेली असते.

गाडी सरळ राहावी यासाठी तिचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या मध्यापेक्षा पुढे हवा. स्प्रिंट कार आखूड आणि मागे जड, म्हणजे नेमकी उलटी. मागच्या पकडीसाठी शिसं मागे हवं आणि सरळपणासाठी पुढे, ही ओढाताण सोडवायला मागे उभा पत्रा लावतात किंवा गाडीच लांब करतात. ठरावीक वेगापुढे पॅराशूट सक्तीचं असतं. ते थांबवतं तर खरंच, शिवाय मागून ओढून गाडी सरळही ठेवतं.

दोन्ही बाजूंनी

आपल्या शंकरपटात जोडी घड्याळ लावून सोडतात. निशाण पडल्यापासून रेघ ओलांडेपर्यंतचे सेकंद मोजले जातात आणि ज्याचे सेकंद कमी तो धुरकरी जिंकतो. वेगाचा विक्रमही घड्याळाशीच असतो, फक्त दोन मोठे फरक आहेत. गाडी आधीच वेगात असताना मोजणीच्या पट्ट्यात शिरते. आणि एका दिशेची धाव पुरत नाही.

आंतरराष्ट्रीय नियमानुसार तासाच्या आत उलट दिशेनेही धावावं लागतं. कारण वारा. ताशी १५ किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर ३०० ने धावणाऱ्या गाडीला हवा २८५ चीच लागते आणि रेटा दहा टक्क्यांनी कमी होतो. उतारही असाच एका बाजूने मदत करतो. दोन्हीकडून धावलं की हे बरंचसं फिटतं.

सरासरी कशाची काढतात हेही बघण्यासारखं आहे. सप्टेंबर १९४७ मध्ये जॉन कॉब बॉनव्हिलला एका दिशेने ताशी ३८५.६४५ मैल आणि दुसऱ्या दिशेने ४०३.१३५ मैल वेगाने धावला. या दोन आकड्यांची सरासरी ३९४.३९ येते. विक्रम मात्र ३९४.१९ चा लागला, म्हणजे ताशी ६३४ किलोमीटर. कारण सरासरी वेगांची काढली जात नाही, वेळेची काढली जाते. हळू धावेत जास्त वेळ गेला, म्हणून तिचं वजन जास्त. चाकांवर ताकद देणाऱ्या गाड्यांत चारशे मैलांचा आकडा अधिकृतपणे लागायला १९६४ उजाडलं. डोनाल्ड कॅम्पबेलने ऑस्ट्रेलियातल्या आयर सरोवरावर ताशी ४०३.१० मैलांची नोंद केली.

मधल्या काळात मिकी थॉम्पसनने १९६० मध्ये चार पॉन्टियाक इंजिनांच्या चॅलेंजरवरून एका दिशेने ताशी ४०६.६० मैल गाठले. परतीच्या धावेत शाफ्ट तुटला. विक्रम नोंदला गेला नाही. गाडी ज्या वेगाने गेली तो वेग खरा होता, पण तासाभरात पुन्हा तेच करून दाखवणं हा विक्रमाचाच भाग आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत न्याय्य भाग आहे.

घरच्या गाडीवर करता येणारी चाचणी

यातलं बरंचसं मोजायला बॉनव्हिलला जावं लागत नाही. कॉलेजच्या टीमने बनवलेली छोटी गाडी, परवानगी घेतलेला बंद सपाट रस्ता आणि एक स्टॉपवॉच पुरे. गाडी ५० च्या थोडी वर न्यायची, न्यूट्रल करायची, आणि वेग ५० वरून ४० वर यायला किती सेकंद लागले ते मोजायचं. समजा ड्रायव्हरसकट गाडी २५० किलोची आहे आणि ४ सेकंद लागले. दहा किलोमीटर प्रति तास म्हणजे सेकंदाला २.७८ मीटर. भागिले ४, गुणिले २५०, उत्तर सुमारे १७४ न्यूटन. हवा आणि चाकं मिळून गाडीला इतक्या जोराने अडवत आहेत. त्याला ४५ च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला १२.५ मीटरने गुणलं की जवळपास तीन हॉर्सपॉवर येते.

हेच २० वरून १० वर येताना मोजलं तर हवेचा वाटा जवळजवळ गळून पडतो आणि चाकांचा विरोध उरतो. दोन आकड्यांतला फरक तो हवेचा. रस्ता सपाट दिसतो पण नसतो, म्हणून प्रत्येक धाव दोन्ही दिशांनी घ्यायची. मग पुढे पत्र्याचं नाक बसवा, ड्रायव्हरला खाली बसवा, आणि पुन्हा मोजा. ४ सेकंदांचे साडेचार झाले तर विरोध अकरा टक्क्यांनी उतरला, इंजिनाला हातही न लावता.